फार्मसी प्रवेशाची मुलाखत : तयारी कशी करावी?

बारावीचा निकाल लागला की आपल्या धंदेवाईक घरांतून एकच धावपळ सुरू होते. मुलाला किंवा मुलीला कोठे घालावे? चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत शिलाईचा छोटा कारखाना चालविणारे एक भाई याच कामासाठी भेटावयास आले होते. मुलगी विज्ञान शाखेतून बारावी झालेली, सीईटीही दिलेली. भाई म्हणाले, "फार्मसीला घालायचे आहे. एक ओळखीचा माणूस म्हणतो, कॉलेजात मुलाखत होईल, मी आतून बोलून ठेवतो, पन्नास हजार तयार ठेवा. मुलाखतीत काय विचारतात तेवढे सांगा, म्हणजे मुलगी पाठ करून जाईल."

असाच प्रश्न अनेक पालकांच्या मनात असणार. म्हणून या लेखात क्रमाने तीन गोष्टी पाहू. मुलाखत कोठे असते व कोठे नसते, जेथे नसते तेथे कशाची तयारी करावी, आणि जेथे असते तेथे काय विचारले जाते.

१. प्रथम हे समजून घ्या : सरकारी प्रक्रियेत मुलाखत नाही

महाराष्ट्रात फार्मसीचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला दोन वर्षांची पदविका, म्हणजे डी. फार्म. हा प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत बारावीच्या गुणांवर होतो. दुसरा चार वर्षांची पदवी, म्हणजे बी. फार्म. हा प्रवेश राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाकडून, म्हणजे सीईटी सेलकडून, एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो. दोन्ही ठिकाणी अर्ज भरायचा, कागदपत्रांची छाननी व्हायची, गुणवत्ता यादी लागायची, कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आणि यादीप्रमाणे जागा मिळायची. यात कोणीही समोर बसवून प्रश्न विचारीत नाही. जेथे मुलाखतच नाही, तेथे 'आतून बोलून ठेवणारा' माणूस काय बोलणार आहे, याचा विचार पालकांनीच करावा.

खाजगी विनाअनुदानित कॉलेजांत काही जागा संस्था पातळीवर भरल्या जातात, हे खरे. परंतु तेथेही मनमानी चालत नाही. कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रात १९८७ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी २००५ साली पी. ए. इनामदार खटल्यात निकाल दिला. त्यात अल्पसंख्याक असो वा नसो, विनाअनुदानित संस्थेवर सरकारने आपला कोटा लादू नये, असे न्यायालय म्हणाले. त्याचबरोबर प्रवेश गुणवत्तेवर, पारदर्शक रीतीने आणि पिळवणूक न करता झाले पाहिजेत, असेही बजावले. पुढे राज्याने २०१५ साली खाजगी व्यावसायिक संस्थांचे प्रवेश व शुल्क यांचे नियमन करणारा कायदा केला. आज संस्था पातळीवरील प्रवेशही प्रवेश नियामक प्राधिकरणाच्या नजरेखालून जातात आणि कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. म्हणून संस्थेत थेट अर्ज करावयाचा झाल्यास तो लेखी करा, पोच घ्या, गुणवत्ता यादी पाहा आणि प्रत्येक रुपयाची पावती मागा. ज्या पैशाची पावती मिळत नाही, तो पैसा फी नव्हे.

भाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळाली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्ग यांतील, ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा मुलींसाठी ती आहे. परंतु त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. संस्था पातळीवर किंवा खाजगी विद्यापीठात घेतलेल्या जागेला ती लागू नाही. म्हणजे पन्नास हजार देऊन भाई जी जागा विकत घेणार होते, तिने चार वर्षांची फीमाफीही हातची गेली असती. हे कळल्यावर भाई बराच वेळ गप्प बसले.

२. खरी मुलाखत कागदपत्रांची

आपल्या मुलांचे नुकसान गुणांपेक्षा कागदांमुळे अधिक होते, हे अनेकदा दिसून येते. छाननीच्या वेळी साधारणपणे पुढील कागद लागतात : दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सीईटीचे गुणपत्रक, अधिवास व राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तसे जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र. अल्पसंख्याक जागेसाठी धर्माची नोंद असलेला शाळेचा दाखला व प्रतिज्ञापत्र.

चारकोप हे बोरिवली तालुक्यात येते. उत्पन्न व अधिवासाचे दाखले त्याच तहसीलीचे लागतील. हे काम बारावीच्या निकालानंतर नव्हे, अकरावीतच सुरू करावे.

कारागीर बांधवांनी येथे विशेष लक्ष द्यावे. मोमीन-अन्सारी, पिंजारी, अत्तार, तांबोळी, बागवान अशा अनेक बिरादऱ्या महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. पण आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते आणि वैधता समिती नेमका तोच कागद मागते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे कुटुंब त्यानंतर उत्तर प्रदेश किंवा बिहारमधून मुंबईस आले, त्यांना या राज्यात ही सवलत मिळत नाही. त्यांनी खोट्या कागदांच्या नादी लागू नये. ज्यांची जात आरक्षणाच्या कोणत्याही यादीत नाही, त्यांनी उत्पन्न बसत असल्यास आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र पाहावे. मात्र हे आरक्षण अल्पसंख्याक संस्थांतील जागांना लागू नसते, हेही ध्यानात ठेवावे.

पसंतीक्रम भरताना घर आणि कॉलेज यांतील अंतर पाहा. चारकोपहून कांदिवली स्थानक गाठले की पश्चिम रेल्वेने विलेपार्ल्याचे डॉ. भानुबेन नानावटी कॉलेज, सांताक्रूझ-कलिना येथील १९५७ साली स्थापन झालेले बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, आणि मुलींसाठी जुहूच्या एसएनडीटी आवारातील सी. यू. शाह कॉलेज ही आवाक्यात येतात. अल्पसंख्याक संस्थांत नवीन पनवेल येथे अंजुमन-इ-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस, पुण्यात आझम कॅम्पसमधील अल्लाना कॉलेज, औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, वाय. बी. चव्हाण कॉलेज आणि नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा येथे अली-अल्लाना कॉलेज आहे.

३. मग मुलाखत कोठे होते?

तीन ठिकाणी होते. पहिले, काही खाजगी विद्यापीठांत. दुसरे, परदेशात. ब्रिटन व अमेरिकेत फार्मसीच्या प्रवेशाला मुलाखत घेण्याची पद्धत रूढ आहे. तेथे पुष्कळदा एका लांब मुलाखतीऐवजी पाच-सात मिनिटांच्या अनेक छोट्या मुलाखती असतात, प्रत्येक टेबलावर वेगळा प्रसंग. तिसरे ठिकाण आपल्या लोकांच्या रोजच्या संबंधातले : शिष्यवृत्ती देणारे ट्रस्ट व जमाती. ते विद्यार्थ्याला आणि पुष्कळदा वडिलांनाही समोर बसवून प्रश्न विचारतात. खालील तयारी तिन्ही ठिकाणी उपयोगी पडेल.

प्रश्न पहिला : फार्मसीच का?

"लोकांची सेवा करायची आहे" हे उत्तर प्रत्येक जण देतो, म्हणून त्याला किंमत राहात नाही. खरे कारण सांगावे. दादीची मधुमेहाची औषधे रोज मोजून देण्याचे काम घरात जिच्याकडे आहे, तिने तेच सांगावे. "वडिलांचा व्यापार आहे, आम्हाला मेडिकल स्टोअर काढायचे आहे" हे सांगण्यात लाज नाही. पण त्यापुढे एक वाक्य असावे : त्या दुकानात मी स्वतः उभी राहून काय करणार आहे? डॉक्टरकीला नंबर लागला नाही म्हणून इकडे आलो, असे असेल तर तेही लपवू नये. मात्र त्यानंतर या विषयाची काय माहिती करून घेतली, ते सांगता आले पाहिजे.

प्रश्न दुसरा : फार्मासिस्ट आणि दुकानदार यांत फरक काय?

डॉक्टर रोग ओळखतो व औषध लिहून देतो. फार्मासिस्ट ते औषध, त्याचे प्रमाण व दुसऱ्या औषधाशी त्याचे जुळते की नाही हे तपासून देतो आणि कसे घ्यावे ते समजावतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे होते. डी. फार्म. झालेल्यांसाठी २०२२ च्या नियमांनी नोंदणीपूर्वी एक्झिट परीक्षाही आली आहे.

प्रश्न तिसरा : हिशेबाचा

हा बहुधा विचारतात आणि येथेच मुले गडबडतात. उदाहरणार्थ, सिरपच्या ५ मिलिलीटरमध्ये २५० मिलिग्रॅम औषध आहे, मुलाला १२५ मिलिग्रॅम द्यायचे, तर किती मिलिलीटर? उत्तर अडीच. किंवा, ०.९ टक्के मिठाच्या पाण्याच्या ५०० मिलिलीटर बाटलीत मीठ किती? शंभर मिलिलीटरला ०.९ ग्रॅम, तर पाचशेला साडेचार ग्रॅम. सोनाराच्या किंवा अत्तरवाल्याच्या मुलाला वजनमाप घरातच कळलेले असते. त्याने हे उदाहरण आपल्या धंद्यातून समजावून दिले, तर समोरच्या माणसाला ते नक्की आवडेल.

प्रश्न चौथा : चिठ्ठीवरची भाषा आणि पाकिटावरची भाषा

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. पाकिटावर औषधाचे मूळ नाव, कंपनीचे नाव, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख आणि कमाल किंमत कोठे असते, हे दाखविता आले पाहिजे. इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात, पण गोठू देत नाहीत, हे ठाऊक असावे. शेड्यूल एच म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याची औषधे. एच-१ हा त्यातला अधिक कडक वर्ग. तो १ मार्च २०१४ पासून लागू झाला. त्यात अनेक अँटिबायोटिक्स व क्षयरोगाची औषधे येतात, आणि त्यांच्या विक्रीची वेगळी वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते.

प्रश्न पाचवा : अडचणीचा प्रसंग

"समजा, तुमच्याच बिल्डिंगमधील चाचा रात्री दहा वाजता आले. चिठ्ठी नाही. म्हणतात, मागच्या वेळचे अँटिबायोटिक दे, ताप आहे. काय कराल?" येथे दोन चुका होतात. एक, "देऊन टाकीन, ओळखीचे आहेत." दुसरी, "हाकलून देईन." योग्य उत्तर असे : आधी विचारीन, ताप किती दिवसांचा, श्वासाला त्रास आहे का, दुसरी कोणती औषधे चालू आहेत. अँटिबायोटिक देणार नाही, आणि का देत नाही तेही सांगेन : अर्धवट व अकारण घेतलेल्या औषधाला जंतू दाद देईनासे होतात, मग खऱ्या गरजेच्या वेळी तेच औषध निकामी ठरते. ताप जास्त वाटल्यास जवळच्या शताब्दी रुग्णालयात जाण्यास सांगेन. पालिकेचे हे रुग्णालय कांदिवलीतच आहे, हे माहीत असणे हाही तयारीचाच भाग होय.

प्रश्न सहावा : या व्यवसायाची माहिती

मुंबईत औषधनिर्मितीचा मोठा इतिहास आहे. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत सिप्लाची स्थापना केली. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांच्या कारकिर्दीत, २००१ साली, याच कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी खर्चात देऊ केला आणि आफ्रिकेतील गरीब रुग्णांना औषध मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. जेनेरिक औषध म्हणजे काय, २००८ साली सुरू झालेली जनऔषधी योजना काय आहे, हेही वाचून जावे. व्यापाऱ्याच्या मुलाला किमतीबद्दल विचारू शकतात. तेव्हा सरकार ज्या औषधांची कमाल किंमत ठरविते, त्यांत किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरलेला असतो, एवढे माहीत असावे.

प्रश्न सातवा : फी कशी भरणार?

ट्रस्टच्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. लाजून गप्प बसू नये आणि गरिबी वाढवूनही सांगू नये. एका कागदावर हिशेब न्यावा : फी इतकी, पुस्तके व रेल्वे पास इतका, शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरून अमुक शिष्यवृत्तीचा अर्ज केला, घरातून इतके, कमी पडतात इतके. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्जही विचारात घ्यावे. वडिलांनी व मुलाने सांगितलेले उत्पन्न एकच असले पाहिजे. दोन आकडे निघाले की पुढील सर्व उत्तरे वाया जातात.

४. घरच्या घरी सात दिवसांची तयारी

पहिले दोन दिवस बारावीचे रसायन व जीवशास्त्र चाळावे. तिसऱ्या दिवशी घरातील सर्व औषधे टेबलावर मांडून प्रत्येक पाकीट वाचावे आणि मुदत संपलेली वेगळी काढावीत. चौथ्या दिवशी ओळखीच्या केमिस्टची परवानगी घेऊन सेक्टरातील त्याच्या दुकानाशेजारी संध्याकाळी दोन तास नुसते उभे राहावे. गिऱ्हाईक काय विचारते आणि केमिस्ट काय सांगतो, ते लिहून काढावे. पाचव्या दिवशी दहा हिशेब सोडवावेत. सहाव्या दिवशी शेजारच्या कोणा शिक्षकाला किंवा मोठ्या भावाला समोर बसवून अर्धा तास प्रश्न विचारायला लावावे. सातव्या दिवशी कागद लावून ठेवावेत आणि लवकर झोपावे.

भाषेची भीती बाळगू नये. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांनी शास्त्रीय शब्द इंग्रजीत नीट उच्चारावेत, बाकीचे साध्या हिंदीत किंवा मराठीत बोलण्याची परवानगी मागावी. येत नसेल तर "मला माहीत नाही, वाचून घेईन" असे स्पष्ट म्हणावे. औषधाच्या धंद्यात अंदाजाने उत्तर देणारा माणूस सर्वांत धोक्याचा असतो, आणि मुलाखत घेणारेही हेच पाहात असतात.

५. एक प्रश्न वडिलांसाठी

निघताना भाईंनी हळूच विचारले, "शादी झाली आणि मुलगी दुकानात बसली नाही, तरी तिचे सर्टिफिकेट दुकानाला लावता येईल ना? लोक भाड्यानेही देतात म्हणे."

याचे उत्तर येथे सर्वांसाठी देणे भाग आहे. किरकोळ औषधविक्रीचा परवाना अन्न व औषध प्रशासन देते. त्याला किमान दहा चौरस मीटर जागा लागते आणि विक्री नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावी लागते. सर्टिफिकेट भिंतीवर आणि फार्मासिस्ट घरी, हा गुन्हा आहे. तपासणीत पकडले तर परवाना जातो, फार्मासिस्टची नोंदणीही धोक्यात येते. चुकीच्या औषधाने कोणाचे बरेवाईट झाले, तर बिलावर नाव मुलीचे असते. ती अमानत आहे, भाड्याने देण्याची वस्तू नव्हे. ज्यांना केवळ व्यापार करायचा आहे, त्यांच्यासाठी घाऊक परवान्याचा सरळ मार्ग आहे. तेथे फार्मासिस्टऐवजी औषधविक्रीचा चार वर्षांचा अनुभव असलेला मॅट्रिक पास माणूस, किंवा एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधरही चालतो.

म्हणून मुलाखतीची तयारी मुलीपुरती ठेवू नका. "हिने शिकून काय करावे असे तुम्हाला वाटते?" असे ट्रस्टींनी वडिलांना विचारले, तर त्यांच्याजवळही खरे उत्तर असले पाहिजे. ते उत्तर घरात, मुलीसमोर, आधी ठरवून घ्यावे.

प्रवेशाचे नियम व तारखा दरवर्षी बदलतात. त्या त्या वर्षाची माहिती पुस्तिका सीईटी सेल व तंत्रशिक्षण संचालनालय यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर मिळते. ती पूर्ण वाचावी, समजत नसेल तर शिक्षकाकडून समजून घ्यावी. मध्यस्थाला देण्यासाठी बाजूला काढलेले पैसे पुस्तकांना आणि रेल्वे पासाला लागणारच आहेत.